फाइलचा पूर्ण पत्ता

पाणीपुरवठा खात्यातल्या हेडक्लार्कनी एका शनिवारी साधासाच निर्णय घेतला. नळगळतीच्या तक्रारींचा वर्षाचा आलेख यंदा हाताने काढायचा नाही, प्रोग्राम लिहून काढायचा. प्रोग्रामिंगचा कोर्स त्यांनी व्हिडिओ बघून नुकताच पूर्ण केला होता. (पूर्ण म्हणजे चाळीसपैकी नऊ धडे झाले होते. पण प्रमाणपत्र कसं मागवायचं, हा शेवटचा धडा त्यांनी सगळ्यात आधी बघितला होता.)

यामागे कारण होतं. खात्यात नवा आकडेवारी कक्ष निघणार होता आणि त्याचं प्रमुखपद हेडक्लार्कना हवं होतं. इतकं हवं होतं, की हल्ली दाढी करताना ते आरशातल्या माणसाला "बसा, बसा" म्हणायचे. त्या भरात त्यांनी साहेबांना सांगून टाकलं, "इतरांना तीन दिवस लागतात, मी पाच मिनिटांत आलेख दाखवतो." साहेब म्हणाले, "सोमवारी अकराच्या बैठकीत दाखवा."

प्रोग्राम शनिवारीच लिहून झाला. चालवून बघायची त्यांना गरज वाटली नाही. रविवारी पंखा पुसायला ते स्टुलावर चढले आणि पाय मुरगळून खाली आले. (पंखा अजून तसाच आहे.) त्यामुळे सोमवारी बैठक कचेरीत आणि हेडक्लार्क घरी, संगणकासमोर, दुखरा पाय खुर्चीवर ठेवून.

सव्वादहाला त्यांनी प्रोग्राम चालवला. कोर्समधल्या मास्तरांनी सांगितलं होतं, की दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या कोडची एक लायब्ररी असते, तिला फाइलचं नाव सांगितलं की ती आकडे उचलून आणते. हेडक्लार्कनी नाव सांगितलं. लायब्ररीने लाल अक्षरांत कळवलं, की अशी कुठलीही फाइल अस्तित्वात नाही.

"अस्तित्वात नाही?" हेडक्लार्क ओरडले. त्यांनी शोधायच्या चौकटीत 'तक्रारी' असं लिहिलं. फाइल लगेच मिळाली, उघडलीसुद्धा. आत बारा महिन्यांच्या गळत्या ओळीने उभ्या. "ही काय, समोर आहे! डोळे फुटले का तुझे?"

त्यांनी प्रोग्राम पुन्हा चालवला. अस्तित्वात नाही. संगणक बंद करून चालू केला. अस्तित्वात नाही. मग त्यांनी फाइल उघडीच ठेवली, म्हणजे लायब्ररीला दिसेल तरी, आणि बटण जरा जोरात दाबलं. तरी नाहीच. साडेदहा वाजले. हेडक्लार्कनी घड्याळाकडे बघितलं. अकराला तोंडघशी पडलो, तर कक्ष तर जाईलच, शिवाय निवृत्त होईपर्यंत सगळे 'पाच मिनिटं' म्हणून हाक मारतील.

"अगं, ऐकतेस का?"

बायको हात पुसत आली. ती इस्पितळाच्या औषधभांडाराची प्रमुख. चार हजार औषधं तिच्या ताब्यात, आणि डोळ्यांवर पट्टी बांधली तरी हवी ती गोळी काढून देईल अशी तिची ख्याती. आज तिची सुट्टी होती.

"ही फाइल मला दिसते आणि ह्याला दिसत नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"काल तुम्ही पाय वर करून घोरत होतात, तेव्हा मी स्क्रीन आवरली. फायलींची एकशे चौदा चित्रं पसरली होती. सगळी फोल्डरांत लावली."

"मला न विचारता?"

"विचारून आजवर काय आवरलं गेलंय या घरात?" ती पुढे वाकली आणि लाल अक्षरं वाचू लागली. "याला नुसतं नाव दिलंत? कुठलं कपाट, कुठला कप्पा, सांगितलंत का?"

"शोधेल की तो!"

"कसा शोधेल? तुमच्यासारखाच दिसतोय. तुम्ही नाही का, न्हाणीघरात उभे राहून टॉवेल कुठाय म्हणून ओरडता? जागचं हलायचं नाही, उभे आहात तिथेच बघायचं, आणि घरात टॉवेलच नाही असं जाहीर करायचं."

हेडक्लार्कना राग आला, पण घड्याळात दहा चाळीस झाले होते, त्यामुळे तो त्यांनी गिळला. बायकोने फाइलचा अख्खा पत्ता उचलला, प्रोग्राममध्ये नावाच्या जागी चिकटवला आणि बटण दाबलं. पडद्यावर गळतीचा निळा आलेख उभा राहिला, मार्चमध्ये तर थेट छतापर्यंत.

"मला जमलं!" हेडक्लार्क म्हणाले.

"हो, तुम्हालाच. पण हा आपल्या घरातला पत्ता आहे हं. दुसऱ्या कुणाच्या—"

पण हेडक्लार्कनी तोवर संगणक बैठकीला जोडला होता. पडद्यावर कचेरीचा हॉल दिसला. साहेब, त्यांच्यामागे अकरा जण आणि भिंतीवर मोठा पडदा. आता मुकाट्याने आलेख दाखवून मोकळं व्हावं की नाही? पण यश डोक्यात गेलं होतं.

"साहेब, मी कशाला दाखवू? प्रोग्राम आणि फाइल दोन्ही मेलवर पाठवतो. तुम्ही तुमच्या हाताने चालवा. लहान मूलसुद्धा चालवेल!"

साहेबांनी दोन्ही उतरवून घेतलं आणि बटण दाबलं. भिंतभर लाल अक्षरं उमटली. साहेबांनी चष्मा चढवला. त्यांना सगळं मोठ्याने वाचायची सवय होती.

"फाइल सापडली नाही," साहेब वाचू लागले. "आता कुठे सापडली नाही ते बघू. घर. त्यात 'ह्यांचा पसारा'. त्यात 'उगाच जपलेलं'. त्यात 'बघू नंतर'. त्यात तक्रारी."

अकरा जण एकदम खाली वाकून कागद शोधू लागले. त्यांचे खांदे हलत होते. हेडक्लार्कनी मान वळवून बायकोकडे बघितलं.

"तीन महिने हात लावला नव्हता तुम्ही त्या फाइलला," ती कुजबुजली. "नेमकं लिहायची सवय आहे मला."

साहेबांनी चष्मा काढला. "हेडक्लार्क, कक्षाच्या प्रमुखपदासाठीचा तुमचा अर्ज आठवडाभर माझ्या टेबलावर पडून आहे. कुठे ठेवावा ते कळत नव्हतं. आता कळलं. 'बघू नंतर'मध्ये ठेवतो."

तेवढ्यात बायको त्यांच्या खांद्यावरून कॅमेऱ्यासमोर वाकली.

"साहेब, दुसरीकडे कुठेतरी ठेवा. ह्यांचं वजन कमी करायचं वेळापत्रक, बासरीचे धडे आणि माझ्या न्हाणीघरातल्या गळक्या नळाची तक्रार, सगळं त्यातच आहे. त्यात गेलेलं अजून काही बाहेर आलेलं नाही."