वितळण्यास सक्त मनाई

सरकारी वस्तूचा पहिला धर्म म्हणजे आली तशी राहणे. काम करणे हा तिचा दुसरा धर्म, तोही पहिल्याला धक्का लागत नसेल तर.

नाचणगावाकडच्या एका अंगणवाडीत मे महिन्यात टिनाच्या छताखाली मेणाच्या पट्ट्या बसवण्यात आल्या. हे प्राध्यापक योगेंद्र यांचे संशोधन. मेण वितळताना उष्णता पिऊन घेते. पण जात आळशी, उष्णता आतपर्यंत पोहोचूच देत नाही. म्हणून त्यात केसाहून कितीतरी बारीक अशी कार्बनची पूड कालवली होती. त्यामुळे पट्ट्या काळ्याकुट्ट दिसत (उद्घाटनाच्या फोटोसाठी त्यांना हार घालावे लागले). सेविका कोकिळाबाईंना एवढेच कळले, की पहिल्याच दुपारी खोली निवली आणि अंगभर घामोळ्या आलेली चिमुकली समीक्षा न किरकिरता झोपली. बाईंना भरून आले.

मग पर्यवेक्षक प्रभाकरराव आले. त्यांनी पट्टी दाबली. अंगठा आत गेला.

"बाई, हे तं पातळ होऊन राह्यलं."

"पातळ होते म्हणूनच खोली थंड राह्यते, म्हणे योगेंद्र सर."

"मी घट्ट मालाची सही देल्ली. तपासणीले पातळ दिसलं तं काय सांगू?"

तर्कात खोट नव्हती. पट्ट्या उतरवून खोलीत रचण्यात आल्या, लेकरांचा कूलर त्यांच्याकडे वळवण्यात आला आणि लेकरांना बाहेर ओट्यावर बसवण्यात आले. कोकिळाबाईंचा जीव जळला. पण साहेबांशी साहेबांच्याच भाषेत बोलावे, हे त्यांना ठाऊक होते.

"साहेब, एवढा माल बिनराखणीचा काऊन ठेवता? लेकरं बसवतो आत."

प्रस्ताव मंजूर झाला. दोन दुपारी राखणदार कूलरसमोर घोरत होते. मग प्रभाकररावांच्या लक्षात आले, की लेकरांच्या अंगाची ऊब मालास बाधक आहे. राखणदार पुन्हा ओट्यावर आले. समीक्षाच्या घामोळ्याही परत आल्या.

तपासणीत एकही पट्टी वितळलेली आढळली नाही. शेरा मिळाला: उष्णतेवर संपूर्ण नियंत्रण. आता योजना केळझरपासून पिपरी मेघेपर्यंत जाणार आहे, प्रत्येक संचासोबत एक कूलर. योगेंद्र सरांनी लेकरे बाहेर का, असे विचारले. लेकरे योजनेत समाविष्ट नाहीत, असे त्यांना नम्रपणे कळवण्यात आले.

कोकिळाबाई ओट्यावर समीक्षाला पदराने वारा घालत आहेत. वाचकांना हसू आले असेल, तर जरूर हसावे. फक्त त्याआधी आपल्या नव्या सोफ्यावरचे प्लास्टिक काढावे. त्याला चिकटून आपलेही लेकरू केव्हाचे घामेजले आहे.