पुढच्या बसने या

वटारला बॅप्टिस्टच्या अंगणात त्याच्या लेकीचा, कॅरलचा साखरपुडा होता आणि मुलाकडची मंडळी मांडवात उभी होती. खुर्च्या नव्हत्या असं मुळीच नाही. पांढरं कापड घातलेल्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या. मागच्या ओळींत गाववाले कधीचेच ऐसपैस बसले होते. पुढची ओळ मात्र रिकामी होती आणि तिच्यातल्या प्रत्येक खुर्चीवर एकेक रुमाल अंथरलेला होता.

रुमालाचं महत्त्व आमच्या वसई-विरारकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बस स्टॉपला लागायच्या आत खिडकीतून सीटवर रुमाल टाकला की ती सीट आपली. मग तिथे मंत्री येवो की बिशप, कुणी बसायचं नाही. ही अक्कल आमच्याकडे पोराला चालायच्या आधी येते.

बॅप्टिस्ट हा तर ‘वाटसरू बससेवे’चा कंडक्टर. आयुष्यभर त्याने रुमालावरून होणारी भांडणं सोडवली होती. त्याचा न्याय एका ओळीचा होता: ज्याने टाकला त्यानेच उचलायचा. दुसऱ्याचा रुमाल उचलणाऱ्याला तो पुढच्या स्टॉपला उतरवायचा, मग तो सख्खा मेहुणा का असेना.

त्यात वाटसरूच्या साहेबांना मध्यंतरी जाहिरातीची लहर आली. लोकांनी बसवर प्रेम करावं म्हणून त्यांनी डेपोत दुकानच थाटलं. चहाच्या मगवर लिहिलं होतं, ‘सुट्टे द्या, मगच प्या.’ उशीवर ‘स्टॉप आला की उठवा.’ टी-शर्टच्या पाठीवर ‘पुढे सरका, मधे उभं राहू नका,’ हे तर बॅप्टिस्टचं रोजचंच वाक्य. आणि रुमालासाठी त्याने स्वतः डोकं लढवून ओळ सुचवली, ‘जागा धरली आहे. तुम्ही पुढच्या बसने या.’ साहेब हसून हसून लोळले. रुमाल हातोहात खपले, आणि बक्षीस म्हणून बॅप्टिस्टच्या घरी एक गठ्ठा आला. तेव्हापासून गडी जमिनीवर नव्हता. पाहुण्याला पाण्याआधी रुमाल दाखवायचा.

तर ते रुमाल आज पुढच्या ओळीत होते.

ते अंथरले होते बॅप्टिस्टच्या बहिणीने, एलिनाने. गाववाले पुढे येऊन ठाण मांडतील आणि मुलाकडचे मागे राहतील, या काळजीने बिचारीने व्याह्यांसाठीच जागा धरली होती. धरली आणि केक आणायला रिक्षाने आगाशीला गेली. मोबाईल स्वयंपाकघरात विसरली. म्हणजे रुमाल कुणी टाकले आणि कशासाठी टाकले, हे मांडवातल्या एकालाही ठाऊक नव्हतं.

मुलाची आई ज्युलीबाई राजोडीच्या, विरारच्या शाळेत मुख्याध्यापिका. मानापानाला भारी कडक. त्यांनी पर्समधून चष्मा काढला, पहिल्या खुर्चीवर वाकल्या आणि वाचलं. मग दुसरी खुर्ची वाचली. सगळीकडे एकच निरोप होता.

“ऑस्टिन,” त्या मुलाला म्हणाल्या, “आपल्याला पुढच्या बसने यायला सांगितलंय.”

ऑस्टिन म्हणाला, मम्मी, ती गंमत आहे. पण कॅरलला मागे एक कॅनडाचं स्थळ आलं होतं, ही बातमी राजोडीपर्यंत पोचलेली होती आणि ज्युलीबाईंच्या मनात ती तेव्हापासून रुतून बसली होती. त्यांनी दोन अधिक दोन पाच करून टाकले. खुर्च्या कॅनडावाल्यांसाठी धरल्यात आणि आपण नुसते राखीव आहोत, असं त्यांनी शांतपणे मामालोकांना सांगितलं. मामालोक लाल झाले.

बॅप्टिस्ट घामाघूम झाला. “अहो विहीणबाई, कसला कॅनडा? आत्ता उचलतो,” असं म्हणत त्याने पहिल्या रुमालाला हात घातला.

“बॅप्टिस्ट,” मागच्या ओळीतून शेजारचा म्हातारा आग्नेल म्हणाला, “तो तू टाकलास काय?”

बॅप्टिस्टचा हात तिथेच थबकला.

“नाही ना? मग ज्याने टाकला त्याला उचलू दे. माझ्या बायकोला दवाखान्यात नेत होतो तेव्हा ह्याच कायद्याने तू मला नाळ्याच्या स्टॉपला उतरवलंस. चालत गेलो आम्ही.”

मागच्या ओळींत सगळे बॅप्टिस्टचे जुने प्रवासी. कुणी ना कुणी कधी ना कधी उतरवला गेलेला. ते आता पोटभर मजेने बघत होते. बॅप्टिस्टने हात मागे घेतला. कॅरल हातातला सरबताचा ट्रे आदळून त्याच्यासमोर आली.

“पप्पा, साखरपुडा माझा आहे की डेपोचा?”

“बाय, तत्त्वाचा प्रश्न आहे गं,” तो काकुळतीने म्हणाला.

तत्त्व ऐकून ज्युलीबाईंनी पदर खोचला, मंडळींना चला म्हटलं आणि सगळी वरात फाटकाबाहेर उभ्या असलेल्या मिनीबसकडे निघाली. ऑस्टिन मागे वळून वळून बघत होता. कॅरलने कॉलेजपासून जपलेला माणूस एका सुती फडक्यापायी हातचा चालला होता. रडायला वेळ नव्हता. ती घरात धावली, कपाटातला उरलेला गठ्ठा काढला आणि मागच्या दाराने केळीतून वाकून पळत मंडळींच्या आधी मिनीबसपाशी पोचली. लेक कुणाची? खिडकीखिडकीतून तिने असा नेम धरला की एकही रुमाल खाली पडला नाही.

मंडळी मिनीबसमध्ये चढली आणि दारातच चेंगरून थांबली. प्रत्येक सीटवर रुमाल होता. आपलीच गाडी, आपणच ठरवलेली, सगळं खरं. पण रुमालावर बसायचं कसं? मामालोकांनी एकमेकांकडे पाहिलं. कुणाचाही हात उठेना. ज्युलीबाईंनी मुख्याध्यापिकेच्या आवाजात ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितलं.

फुलपाड्याचा भूपेश, साधासरळ माणूस, स्टिअरिंगपाशी अवघडून उभा होता. “कशी काढू मॅडम? माझ्या पण सीटवर कोणीतरी टाकलाय.”

एवढ्यात एलिनाची रिक्षा आली. मांडीवर केक सांभाळत ती उतरली आणि मिनीबसमध्ये कोंबून उभी असलेली व्याहीमंडळी बघून चक्रावली.

“इथे काय करताय सगळे? मांडवात पुढची ओळ मी तुमच्यासाठी धरून ठेवलीय, रुमाल टाकून. नाहीतर आमचा आग्नेल पसरला असता तिथे.”

ज्युलीबाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी सीटवरचे रुमाल कुणाचे म्हणून विचारलं. केळीच्या पानांतून कॅरल बाहेर आली. केसांत काड्या, साखरपुड्याच्या ड्रेसला चिखल. तिने मुकाट्याने हात वर केला.

“सगळे तूच टाकलेस?”

“हो.”

“बाहेरून? चालत्या गाडीतही जमेल?”

“जमेल,” कॅरल म्हणाली.

ज्युलीबाईंचे ओठ थरथरले आणि एकदम त्या खदखदून हसायला लागल्या. इतक्या की मामालोकांनी त्यांना धरलं. उभी नोकरी आपण राजोडीच्या बसमध्ये उभ्याने केली, म्हणाल्या, आपल्या घरात आजवर एकाचाही नेम लागला नाही. अशी सून हातची घालवायला मी काय वेडी आहे? मग एलिनाने मांडवातले रुमाल उचलले, कॅरलने मिनीबसमधले उचलले, अंगठ्या झाल्या, केक कापला आणि आग्नेलने दोनदा खाल्ला. निघताना ज्युलीबाईंनी हक्काने तो अख्खा गठ्ठा मागून घेतला. बॅप्टिस्टने सही करून दिला.

लग्नाच्या दिवशी चर्च फुलांनी भरलं होतं. सूट घातलेला बॅप्टिस्ट कॅरलचा हात धरून मधल्या वाटेने निघाला. त्याला दोन्ही बाजूंचं काही दिसत नव्हतं, कारण डोळे भरून आले होते. वेदीपाशी पोचून त्याने लेकीचा हात ऑस्टिनच्या हातात दिला, नाक पुसलं आणि बसायला वळला.

राजोडीकर पहाटेच येऊन गेले होते. पहिल्या बाकापासून पार दारापर्यंत, मुलाकडच्या बाजूला आणि मुलीकडच्याही, रिकामी म्हणून एक जागा नव्हती. जिथे माणूस नव्हता तिथे रुमाल होता.

बॅप्टिस्ट एक बाक बघून आला, दुसरा बघून आला. फादरांनी वेदीवरून त्याला बसायची खूण केली. त्याने बाकाकडे बोट दाखवलं. फादर वटारचेच होते, त्यांना लगेच समजलं आणि त्यांनी मिस्सा सुरू केली.

बॅप्टिस्ट पाय जरा फाकवून, बाकाची कड हाताने धरून उभा राहिला. ही सवय जुनीच होती. पहिल्या बाकावरून ज्युलीबाई त्याच्याकडे वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “पुढे सरका व्याहीबुवा, मधे उभं राहू नका.”

आणि बॅप्टिस्ट पुढे सरकला.