कपाच्या बुडाएवढा नेम

केकमध्ये अंडं असल्याची शंका आली, तर आमचे पानसेभावजी बेकरीला फोन करून खात्री करून घेतात. आणि हेच भावजी यंदा दर शनिवारी रायफल घेऊन रेंजवर जात होते. सोबत मी. "आजी, यू गो टू अ गन रेंज?" असं बेलव्ह्यूहून तुम्ही दोघा नातवंडांनी एका सुरात विचारलंत, म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

रायफल मूळची वॉल्टरची. तो आणि भावजी तीस वर्षं एकाच कारखान्यात तपासणी विभागात होते. वॉल्टर शिकारी. मरण्याआधी आपली जुनी बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल तो भावजींना देऊन गेला. भावजींनी तिने कधी काही मारलं नाही. वर्षातून एकदा रेंजवर न्यायची, कागदावर पाच गोळ्या झाडायच्या, पाचही भोकं चहाच्या कपाच्या बुडाखाली झाकली गेली की "ओके" म्हणून घरी परत. शालूवहिनी, म्हणजे त्यांची बायको, गेल्यावर तेही थांबलं.

या सप्टेंबरात वॉल्टरच्या मुलीचा, लिंडाचा फोन आला. हरणांच्या सीझनला तिला वडिलांची रायफल हवी होती. भावजींनी आधी तपासून पाहिली, तर भोकं जेवणाच्या ताटाएवढी पसरलेली!

"वहिनी, अशा रायफलीने हरीण मरत नाही," ते मला म्हणाले. "जखमी होऊन झाडीत शिरतं आणि तडफडत राहतं. वॉल्टरच्या हातून असं एकदाही झालं नव्हतं. मी काय तोंडाने ही लिंडाच्या हातात देऊ?"

हायवेवर ते आता ड्राइव्ह करत नाहीत. म्हणून ड्रायव्हर मी, आणि वही सांभाळणारीही मीच. वहीत तीन रकाने: बदल, परिणाम, कारण.

"आधी माणूस तपासायचा," म्हणून पहिल्या शनिवारी त्यांनी तिथल्या एका तरबेज गृहस्थांना झाडायला लावलं. ताटच. दुसऱ्या शनिवारी रायफलीवरच्या दुर्बिणीचे स्क्रू आवळले. ताट. तिसऱ्या शनिवारी गोळ्या दुसऱ्या कंपनीच्या आणल्या. ताट, जरा लंबगोल.

"अहो भावजी, उरलेलं सगळं एकदम बदलून टाका ना!" मी वैतागून म्हटलं.

"एका वेळी एकच बदल, वहिनी! नाहीतर रोग बरा होतो, पण कशाने ते कळत नाही."

पुढचा आठवडाभर ते चिंध्या ओढून नळी साफ करत बसले. गराज औषधाच्या वासाने भरलं. ताट काही हललं नाही. पण कारणाचा रकाना रिकामा ठेवणं भावजींना जमतच नाही. शालूवहिनी गेल्या तेव्हा त्यांनी डॉक्टरांना तीनदा फोन केला होता. "हार्ट थांबलं हा परिणाम झाला. कारण सांगा."

शेवटी उरला नळीखालचा लाकडी दस्ता. नळी आणि लाकूड यांच्यामध्ये बारीक फट लागते. नळी कुठे टेकली, तर तापल्यावर नेम हलतो. भावजींनी त्या फटीतून कागदाची पट्टी सरकवली. ती अर्ध्यावर अडकली. त्यांनी स्क्रू काढून नळी उचलली.

खाली तांदळाचा एक दाणा होता. कुंकवाने लाल झालेला.

खंडेनवमीला शालूवहिनी भावजींची सगळी मोजमापाची हत्यारं पाटावर मांडून पूजत. रायफलसुद्धा. दरवर्षी भांडण ठरलेलं.

"शालू, प्रिसिजनच्या वस्तूंवर अक्षता टाकू नकोस! फटीत जातात."

"मग बसा काढत. रिटायर माणसाला तेवढंच काम."

तीन वर्षांपूर्वीची ती त्यांची शेवटची पूजा.

"ऐकायचीच नाही," भावजी एवढंच म्हणाले. त्यांनी चिमट्याने दाणा उचलला, चष्म्याच्या घरात ठेवला आणि झाकण दोन्ही हातांनी दाबलं.

पुढच्या शनिवारी पाचही गोळ्या कपाच्या बुडाखाली बसल्या. लिंडा रेंजवरच आली होती. ती कागदाकडे बघून रडली आणि भावजींना मिठी मारून रायफल घेऊन गेली.

परत निघताना मी गाडीत वही उघडली. बदल लिहिला, परिणाम लिहिला.

"कारण काय लिहू?"

भावजींचा हात खिशातल्या चष्म्याच्या घरावर होता.

"तेवढा रकाना राहू द्या, वहिनी," ते म्हणाले. "चला."