मरियामाईला वाहिलेले हात

अनियेल्लोला आपला चिरूट वाचवायचा होता, एवढंच. पुढचं सगळं महाभारत त्यातून घडलं.

मे महिना मरियामाईचा. ज्याला तिच्याकडे काही मागायचं असतं, तो महिनाभर आपली एखादी आवडती गोष्ट सोडतो. नेपल्समध्ये याला फूल वाहणं म्हणतात, आणि घराबाहेर बोलून दाखवलं की ते फूल कोमेजतं. यंदा घरात मागणं एकच होतं, मिरेल्लाचं लग्न. पोरगी एकतिशीला आलेली, रोक्को नावाचा सालस मुलगा तिच्यावर जीव टाकत होता, आणि पोत्सुओलीहून त्याचे आईवडील रविवारी जेवायला यायचे होते. मिरेल्लाने चॉकलेट सोडलं. तिच्या आईने, नुन्सियाने, कॉफीतली साखर सोडली आणि मग नवऱ्याच्या तोंडातल्या चिरुटाकडे रोखून बघितलं.

अनियेल्लो छप्पन्न वर्षांचा. दिवसभर जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीमागे बसून लोकांना 'उद्या या' म्हणायचं आणि संध्याकाळी बाल्कनीत एक चिरूट ओढायचा, इतकंच त्याचं आयुष्य शिल्लक होतं. (त्यातलं 'उद्या या' सोडायला तो एका पायावर तयार होता, पण ते फूल सरकारी होतं.) तो घाईघाईने म्हणाला, "मी हात सोडतो."

"हात सोडतो म्हणजे?"

"बोलताना हलवणार नाही. महिनाभर."

नुन्सियाला हे लगेच पटलं. तिथेच त्याला शंका यायला हवी होती. या हातांनी आजवर सासूबाईंचं सूपचं भांडं, तीन दिवे आणि एका बस कंडक्टरचा चष्मा फोडला होता. (कंडक्टर फार जवळ उभा होता.) रविवारी निदान काचेचे पेले वाचतील, असा तिचा हिशेब.

पहिल्याच दिवशी कळलं, की हे काम चिरूट सोडण्याहून दहापट जड आहे. खिडकीवर तो 'नाही' म्हणाला तर लोक जागचे हलेनात. हनुवटीखालून बोटं उडवल्याशिवाय 'नाही' ते कसलं. पाववाल्याने खालच्या आवाजात विचारलं, घरातलं कोण गेलं? शेजारच्या म्हातारीने तर त्याला अर्धांगवायू झालाय असं गल्लीभर सांगितलं आणि लिंबू घालून केलेला काढा पाठवला. जे मनगटाच्या एका झटक्यात सांगून व्हायचं त्याला आता सात वाक्यं लागत होती, आणि सातव्या वाक्यापर्यंत माणूस निघून गेलेला असायचा. शुक्रवारपर्यंत अनियेल्लो इतका थकला, की त्याने बोलणंच टाकलं.

रविवारी व्याही आले. रोक्कोचे वडील साबातो म्हणजे गाडीत न मावणारा माणूस. ते पोत्सुओलीच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारायचे. रस्सा सकाळपासून मंद आचेवर रटरटत होता. साबातोंनी तीनदा वाढून घेतलं, पाव फिरवून बशी पुसली, आणि मग मुद्द्याला हात घातला.

"आमचा रोक्को कसा वाटतो तुम्हाला?"

"फार चांगला मुलगा आहे," मांड्यांखाली दोन्ही हात दाबून अनियेल्लो म्हणाला.

साबातोंनी बशी बाजूला सारली. "आणि आमच्या हिने आणलेला ऑक्टोपस?"

"उत्तम."

"उत्तम," साबातो बायकोकडे बघून म्हणाले. अख्ख्या नेपल्समध्ये शेंबडं पोरसुद्धा गालात बोट फिरवल्याशिवाय कशाला उत्तम म्हणत नाही. "हात कुठे आहेत तुमचे?"

"खाली आहेत."

"हे बघा, चाळीस वर्षं लिलाव करतोय मी. तोंड काय, कुणीही उघडतं. ज्याचे हात गप्प, त्याला माल नको असतो. तुम्हाला माझा मुलगा नको असेल तर तसं सांगा."

नको कसा, मनापासून हवा आहे, असं अनियेल्लो म्हणाला खरा, पण ते अगदी 'उद्या या'सारखं ऐकू आलं. हात काढावेत किंवा खरं कारण सांगावं तर व्रत मोडतं आणि लग्न फिसकटतं. न काढावेत तर आत्ताच फिसकटतं. तो घाबरला, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्याने केलं, म्हणजे काहीच नाही. फळं तशीच ठेवून पाहुणे उठले. मिरेल्ला स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून रडत राहिली. नळाच्या आवाजावरही ते ऐकू येत होतं.

अनियेल्लो उठून चर्चमध्ये गेला. फादर ओनोफ्रिओ संध्याकाळच्या जपमाळेसाठी मेणबत्त्या लावत होते. "मला यातून मोकळं करा," तो म्हणाला.

"तिला वाहिलंस ना? मग तिलाच विचार," फादर म्हणाले, आणि हातातली काडी मूर्तीकडे केली.

अनियेल्लो मरियामाईसमोर उभा राहिला. प्रार्थनेला हात जोडायची मुभा होती, ते त्याने जोडले. पण नेपल्समध्ये जोडलेले हात स्थिर असले तर प्रार्थना, आणि वरखाली हलले तर 'अगं माझे आई, काय चालवलंयस हे?' आधी ते थोडे थरथरले. मग वरखाली झाले. मग सुटले. पाच बोटं एकत्र येऊन तिच्या नाकासमोर हलली, हवंय काय तुला? दोन तर्जन्या शेजारी टेकल्या, ही दोघं अशी आहेत. मूठ छातीवर आपटली, पोरगी माझं काळीज आहे. गालात बोट फिरलं, मुलगा सोन्यासारखा. मग पोटासमोर एक मोठा गोल निघाला, बोटांचा घास तीनदा तोंडाकडे गेला, आणि डोक्यावर टकटक झाली, व्याह्यांच्या डोक्यात नुसता दगड. शेवटी दोन्ही तळवे तिच्यापुढे पसरले गेले. तू पण आई आहेस. आठवड्याभराचं साचलेलं सगळं निघालं, आणि त्या भरात एक फुलदाणी गेली.

तो खाली वाकून तुकडे वेचू लागला तेव्हा खांद्यावर एक जड हात पडला. मागे साबातो उभे होते. त्यांच्या बायकोने जपमाळ जन्मात कधी चुकवली नव्हती, ती भांडणापायी कशाला चुकवेल? दोघं दारातल्या बाकावर बसली होती. ऐकू काहीच आलं नव्हतं आणि कळायचं काही राहिलं नव्हतं.

"हे जेवताना का नाही बोललात?" साबातोंचे डोळे भरले होते. त्यांनी अनियेल्लोला मिठी मारली. मग त्याला हातभर लांब धरून म्हणाले, "तो गोल आणि ती टकटक, तेही पोचलं. पण खरंय ते."

त्यांनी खिशातून दोन लांब, काळे, घमघमणारे चिरूट काढले आणि त्यातला एक पुढे केला. आठवड्यात पहिल्यांदाच अनियेल्लोला हलकं वाटलं. त्याने हात उचलला, तेवढ्यात मागून फादर ओनोफ्रिओ खाकरले.

"फूल मोडलंस. बदल्यात दुसरं वाहावं लागेल," ते म्हणाले, आणि तो चिरूट त्यांनी हळूच काढून आपल्या झग्याच्या खिशात टाकला. "लग्न होईपर्यंत."

लग्न तर आता जमलंच होतं. अनियेल्लोने आशेने व्याह्यांकडे बघितलं. "मग कधी धरायचं?"

तर्जनी पुढे करून साबातोंनी मनगटातून सावकाश एक मोठं वर्तुळ काढलं. पुढच्या मेमध्ये.