फोटोखालची ओळ

"धावताना?" पीटीच्या बाईंनी सुनेच्या हातातला मोबाइल हिसकावून घेतला. "मी? धावताना?"

सून बिचारी कौतुकानं दाखवायला गेली होती. क्रीडा कार्यालयात जागतिक क्रीडास्पर्धांच्या इतिहासाचं प्रदर्शन उद्यापासून भरणार होतं आणि माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेला सासूबाईंचा जुना फोटो तिनं परस्पर तिथे नेऊन दिला होता. तो तिथल्या भिंतीवर लागलेला मोबाइलवर दिसत होता : एकतीस वर्षांपूर्वीच्या बाई, छातीवर क्रमांक, मागे खच्चून भरलेलं स्टेडियम. खाली ओळ : 'आपल्या शहराच्या धावपटू, अंतिम शर्यतीत धावताना.'

सामान्य माणसाला यात काही वावगं दिसणार नाही. पण बाई धावपटू नव्हत्याच. त्या चालण्याच्या शर्यतीत उतरल्या होत्या. या शर्यतीत एक पाय कायम जमिनीला टेकलेला लागतो. दोन्ही पाय सुटलेले दिसले की पंच लाल शेरा मारतो, आणि असे तीन शेरे झाले की स्पर्धक बाहेर. बाई तिसऱ्या होत्या, चारशे मीटर उरले होते, आणि मुख्य पंचानं त्यांच्या नाकासमोर लाल फलक धरला. पदक गेलं ते गेलंच, वर 'धावली' हा ठपका बसला. त्या अन्यायाविरुद्ध बाईंनी महासंघाला आजवर अकरा पत्रं लिहिली होती. एकाचंही उत्तर नाही! आणि आता तोच ठपका त्यांच्याच गावात, ठळक अक्षरांत!

"उद्या माझ्या सगळ्या विद्यार्थिनी येणार. त्या वाचणार, बाई पळाल्या होत्या! उठा हो, चला."

घड्याळं दुरुस्त करण्यात हयात घालवलेले त्यांचे यजमान, आप्पा, चहाचा कप खाली ठेवत म्हणाले, "अगं, एका शब्दानं काय होतंय? त्यापेक्षा फोटोच परत घेऊन येऊ."

"परत? म्हणजे कबुली द्यायची?"

कार्यालयात सुतार फळ्या ठोकत होते. बाईंनी आपला फोटो शोधला आणि त्यांचा पारा आणखी चढला. एका बाजूला अनवाणी मॅरेथॉन जिंकणारा थोर विजेता होता, ते ठीक. पण दुसऱ्या बाजूला? शंभरावर वर्षांपूर्वी मॅरेथॉनमध्ये चक्क मोटारीत बसून मधला रस्ता कापलेला आणि वर बक्षीस घ्यायला पुढे झालेला लबाड!

"या चोराच्या शेजारी मी?"

"मॅडम, तारखेप्रमाणे लावायला सांगितलं होतं, जागेप्रमाणे लागलं," कारकून म्हणाला. "आणि ओळ बरोबर आहे की. पळताय तुम्ही यात."

"एवढ्या जोरात कोण चालतं?" सुताराला कुणी विचारलं नव्हतं, तरी तो बोलला.

झालं. बाईंनी पर्स आप्पांच्या हातात कोंबली, चपला काढल्या आणि वयाच्या साठाव्या वर्षी, कंबर हलवत, कोपरं मारत, दारापासून सुटल्या. त्या अशा सुटल्या की विजेत्यांच्या चौथऱ्याशेजारी ठेवलेला पांढऱ्या रंगानं भरलेला ट्रे त्यांना दिसलाच नाही. रंगात पाय पडला तरी थांबतील तर त्या बाई कसल्या! भिंतीपर्यंत पांढरी पावलं उमटली.

"बघा! मोजा! कुठे उडी दिसतेय?"

गलका ऐकून कार्यालयाचे साहेब बाहेर आले. नव्या फरशीकडे त्यांनी डोळे फाडून पाहिलं. "हे कुणी केलं?"

"मी. चालत!" बाई म्हणाल्या.

साहेब पडले नियमाचे. वाद पुराव्यानं मिटवावा म्हणून त्यांनी फोटो समोरच्या पडद्यावर मोठा करायला सांगितला.

"नको!" आप्पा ओरडले. सगळे वळले. "म्हणजे... माझ्या डोळ्यांना त्रास होतो."

"मग मिटा डोळे," बाई म्हणाल्या. "साहेब, करा मोठा."

फोटो मोठा झाला. बाईंचे दोन्ही बूट पडद्यावर आले. त्यांच्या खाली चांगली चार बोटं मोकळी जागा होती, आणि त्या जागेतून पलीकडे उभ्या असलेल्या पंचाचे काळे बूट स्वच्छ दिसत होते. सुतारानं हातोडी हळूच खाली ठेवली.

"नियमात कॅमेरा धरत नाहीत," बाई कशाबशा म्हणाल्या. "पंचानं डोळ्यांनीच बघायचं असतं."

"त्यानं डोळ्यांनीच बघितलं होतं ना, मॅडम?" कारकुनानं विचारलं.

बाई सावकाश आप्पांकडे वळल्या. "फोटो तुम्हीच काढला होता. माहीत होतं तुम्हाला?"

"धुऊन आला त्या दिवसापासून," आप्पा पर्सला म्हणाले. "म्हणून तर ट्रंकेच्या तळाशी ठेवला होता."

"आणि अकरा पत्रं? अकराही पत्रांवर तिकिटं तुम्ही चिकटवलीत!"

"तू खचली असतीस गं. तुला चिडलेली बघवत होतं, खचलेली बघवली नसती."

बाईंचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना राग आला.

"मग मॅडम, ओळ काय करू?" कारकुनानं विचारलं.

"राहू दे." चपलांत रंगानं माखलेले पाय सरकवून बाई निघाल्या. दोन वळणांतच आप्पा बरेच मागे पडले. पर्स छातीशी धरून, धापा टाकत त्यांनी हाक मारली, "अगं, जरा हळू चाल ना!"

बाई रस्त्याच्या मधोमध थांबल्या.

"चालत नाहीये मी," त्या कडाडल्या. "फोटोखालची ओळ वाचली नाहीत का?"