निळ्या चड्डीची अदलाबदल

या, असे जरा जवळ सरका. गोष्ट देवाच्या घरातली आहे, पण कमरेखालची आहे, तेव्हा मोठ्याने सांगता यायची नाही. हसायला पूर्ण मोकळीक आहे. फक्त नावं इथून पुढे न्यायची नाहीत.

थोर्गेर म्हणजे मासेमारी बोटीवरचा जुना इंजिनवाला. चाळीस वर्षं त्याने भर समुद्रात गळके पंप आणि झडपा बंद केल्या, आणि एकाहत्तराव्या वर्षी प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर त्याची स्वतःचीच झडप सैल झाली. शिंकला की एक थेंब, हसला की दोन. आता आमच्या खाडीवर माणसं चारशे आणि तरणतलाव एक. सकाळी सातला पोहायचं, मग गरम कुंडात गळ्यापर्यंत बुडून बसायचं आणि गावाचा कारभार हाकायचा. बायको गेल्यापासून थोर्गेरच्या कानावर माणसाचा आवाज पडायचा तो त्या कुंडातच. पण आठ महिने तो तिकडे फिरकला नाही. "खांदा धरलाय," एवढंच सांगायचा.

शेवटी त्याची मुलगी आउस्दीस, अकुरेरी शहरातल्या इस्पितळातली नर्स, तिने एक पुडकं पाठवलं. आत पोहायची निळी चड्डी. बाहेरून अगदी साधी. आतून मात्र न झिरपणारा जाड थर आणि मांड्यांशी घट्ट पट्टी.

"बाबा, निघताना लघवीला जाऊन यायचं, कॉफी पोहून झाल्यावर प्यायची आणि ही घालायची. थोडंथोडकं असेल ते आत अडतं. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"बाकीच्यांच्या बापांचं सोड, तुझ्या बापाला कळतंय ना!"

तरी तो गेला. तलावाआधी सगळ्यांच्या देखत पूर्ण उघड्याने साबण लावून अंघोळ करायची, त्यात सूट नाही. रखवालदार बघत उभा असतो. थोर्गेर चड्डी टॉवेलात गुंडाळून न्यायचा आणि भिंतीकडे तोंड करून झटक्यात चढवायचा. तीन आठवडे निभावलं. कुंडात पुन्हा गप्पा सुरू झाल्या, पुन्हा रात्रीची झोप लागू लागली.

गुरुवारी घात झाला. पोहून आल्यावर चड्डी पिळायचं एक यंत्र आमच्याकडे भिंतीशी असतं. झाकण दाबून धरलं की ती गरगर फिरते. थोर्गेर ते दाबून उभा असताना मागून पाळकसाहेब आले. आमच्या चर्चचे पाळक एविंदुर, त्याच्याच वयाचे, त्याचे शाळासोबती.

"सरक रे, माझीही जाऊ दे आत. विजेची बचत."

थोर्गेर नको म्हणायच्या आत त्यांनी झाकण उघडून आपली चड्डी आत टाकलीसुद्धा. तीही निळीच. गावातल्या एकुलत्या कपड्यांच्या दुकानात दुसरा रंग येत नाही, आणि आउस्दीसने मुद्दामच तसली शोधली होती. यंत्र थांबलं. पाळकसाहेबांनी एक उचलली, दुसरी थोर्गेरच्या हातावर ठेवली आणि घाईघाईने संडासाकडे पळाले.

घरी येऊन थोर्गेरने चड्डी दोरीवर टाकली आणि तो जागच्या जागी गार झाला. नुसतं एकपदरी कापड! त्याचं गुपित पाळकाच्या घरी वाळत होतं, आणि पाळकाच्या खिडकीसमोरच पोस्टातल्या हाल्लाचं घर. हाल्लाला कळलं की कुंडाला कळलं, कुंडाला कळलं की खाडीला.

त्याने फोन लावला. "पाळकसाहेब, आपल्या चड्ड्या बदलल्या वाटतं."

पलीकडे पाळकसाहेब खाकरले. "हो का? माझ्या काही लक्षात नाही आलं."

"माझी जरा... जाड आहे."

"असेल, असेल. रविवारनंतर बघू या."

"रविवारनंतर कशाला? आत्ता येतो ना मी!"

"थोर्गेर, मी कामात आहे," आणि फोन बंद.

थोर्गेर रिसीव्हरकडे बघतच राहिला. पाळकाने दुसऱ्याची चड्डी दाबून ठेवावी?

आता पाळकसाहेबांचं थोडं सांगायला हवं. गळा असा, की प्रार्थना गाऊन म्हणू लागले की आपण आपोआप डोळे मिटावेत. पण गेली सहा वर्षं रविवारची सगळी प्रार्थना चाळीस मिनिटांत उरकायचे. स्तोत्राची मधली कडवी गाळायची, आशीर्वाद चालता चालता द्यायचा आणि झगा सावरत मागच्या दाराने गायब. आम्हाला वाईट वाटायचं, पण गावाने त्यावर स्वयंपाकाचं गणितही बसवलं होतं. दहाला कोकराची तंगडी ओव्हनमध्ये, अकराला चर्च, पावणेबाराला घरी, बाराला ताट.

त्या रविवारी पावणेबारा वाजले, तेव्हा पाळकसाहेब तिसऱ्या कडव्यावर होते. बारा वाजले आणि त्यांनी प्रवचनच गायला घेतलं. काय गायले म्हणून सांगू! आवाज छताला टेकून खाली यायचा. माझ्या डोळ्यांना धार लागली. शेजारी बसलेल्या हाल्लाच्याही लागली, पण तिची तंगडीसाठी.

"हा माणूस थांबत का नाही?" ती कुजबुजली. "माझा ओव्हन दोनशेवर आहे!"

सव्वाबाराला पहिल्या घरातली धुराची घंटा केकाटू लागली. मग दुसरी, मग तिसरी. अग्निशामक गाडीचा चालक गायनवृंदात मागच्या रांगेत. तो अर्धा उठला, पण पाळकसाहेबांनी दोन्ही हात पसरून शांतपणे आशीर्वाद सुरू केला. एका जागी उभं राहून! बिचारा खाली बसला.

सगळं गाव हबकलं होतं. कारण कळलं ते एकट्या थोर्गेरला, आणि तो सगळ्यांहून जास्त हबकला. लोक घरांकडे धावले तसा तो आतल्या खोलीत घुसला.

"एविंदुर! झग्याखाली काय घातलंयस?"

पाळकसाहेब कानापर्यंत लाल झाले. "धुवून देणार होतो रे. शपथ."

"चर्चमध्ये? माझी चड्डी?"

"सहा वर्षं मी देवासमोरून पळतोय, थोर्गेर. वाक्य सुरू केलं की मनात एकच, संपेपर्यंत टिकेल ना? औषधाच्या दुकानातली बाई गायनवृंदात पहिल्या रांगेला बसते. तिला काय विचारू? गुरुवारी तुझी चड्डी उलटी केली आणि आतला जाड थर दिसला. मला वाटायचं, गावात मी एकटाच."

थोर्गेर स्टुलावर बसला. "मलाही तसंच वाटायचं."

सोमवारी सकाळी कुंडात हाल्ला वाटच बघत होती. "काय हो पाळकसाहेब, चार घरांचं जेवण कोळसा झालं! काल अंगात काय आलं होतं?"

पाळकसाहेबांना खोटं बोलता येत नाही, हीच तर अडचण. त्यांनी तोंड उघडलं. "मला थोर्गेरने..."

एकोणचाळीस अंशांच्या पाण्यात थोर्गेरला हुडहुडी भरली. "मीच!" तो ओरडला. "मीच गळ घातली त्यांना. म्हटलं, एकदा तरी सगळं गा, काही गाळू नका."

"तू?" हाल्ला उसळली. "आठ महिने खांदा धरून घरी बसलास आणि आलास तो गावाची तंगडी जाळायला?"

"त्याच्यामुळेच झालं, हे मात्र अगदी खरं," पाळकसाहेब म्हणाले, आणि डोळे मिटून हनुवटीपर्यंत पाण्यात गेले.

ज्या कुंडात आपली चर्चा होऊ नये म्हणून थोर्गेर जिवाचं रान करत होता, तिथे त्याच्याशिवाय महिनाभर दुसरा विषय निघाला नाही. तो मात्र हसत होता, अगदी दोन थेंबांचं हसू. त्या सोमवारी संध्याकाळीच त्याने मुलीला फोन केला.

"आउस्दीस, आणखी एक पाठव. या वेळी काळी."

"काळी कशाला, बाबा?"

"चर्चसाठी."

पलीकडे नर्सबाईंच्या हातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

तर मंडळी, आता आमच्याकडे तंगडी पावणेअकराला आत जाते आणि प्रार्थना संपूर्ण ऐकायला मिळते. तुम्हाला विनंती एकच. तुमच्या ओळखीचं कुणी हसतं-खेळतं माणूस खांद्याचं नाही तर गुडघ्याचं निमित्त सांगून पाण्यावर यायचं थांबलं असेल, तर आज त्याची आठवण काढा. काय झालंय ते विचारू नका. नुसतं म्हणा, कुंडात तुझी जागा रिकामी आहे.