चौसष्ट जागांचा निवारा

वेर्बिव्स्क शहरातील 'लेलेका' या व्यावसायिक बास्केटबॉल क्लबला क्रीडागृहाची एकवीसशे आसने होती आणि खालच्या निवाऱ्यात चौसष्ट बाकजागा होत्या. युद्धकाळातल्या नियमानुसार हवाई हल्ल्याचा भोंगा वाजल्यावर जितकी माणसे निवाऱ्यात मावतील तितकीच वर सामन्याला हजर राहू शकत. नियमात गैर काहीच नव्हते. क्लबचे संचालक यारेमा दानिलोविच यांनी तो वाचताक्षणी मान्यही केला, आणि तिथेच त्यांची साडेसाती सुरू झाली.

क्लबने तोवर बरेच पचवले होते. साखर कारखान्याचा संघ म्हणून तो जन्मला. कारखाना बंद पडल्यावर एका बँकेने त्याला आपले नाव दिले. मग बँकच बुडाली. पुढे सॉसेजवाल्याने घेतला आणि खेळाडूंच्या पाठीवर डुक्कर छापले. त्याच डुकरासह क्लब दोनदा उपविजेता झाला. सॉसेजवाला परदेशी गेल्यावर यारेमांनी संघाला 'लेलेका', म्हणजे करकोचा, हे नाव दिले. करकोचा दरवर्षी परत येतो, एवढाच त्यामागचा हिशेब. पंचवीस वर्षे या माणसाने दुसरे काही केले नव्हते.

आता लीगचा नियम असा, की घरच्या प्रत्येक सामन्याला किमान पंचवीस प्रेक्षक हवेत. तीनदा कमी भरले की क्लब लीगमधून बाद. दोन्ही संघांचे चोवीस खेळाडू, प्रशिक्षक, पंच, डॉक्टर मिळून दहा. उरल्या तीस जागा. यारेमा निश्चिंत होते. पहिल्या सामन्याआधी नागरी संरक्षण खात्याच्या निरीक्षक मेलानिया ओपानासिव्ना टेप घेऊन आल्या.

"हा कोण?" त्यांनी मान वर करत विचारले.

"होर्दी. आमचा सेंटर. दोन मीटर अकरा."

होर्दीला बाकावर बसवण्यात आले. त्याचे गुडघे समोरच्या बाकापर्यंत पोचले. मेलानिया ओपानासिव्नांनी मोजले, पुन्हा मोजले आणि लिहिले: व्यक्ती एक, जागा दोन.

"मी पाय पोटाशी घेऊन बसतो ना, बाई," होर्दी म्हणाला. "बसने बाहेरगावी जातो तेव्हा तसाच बसतो. चौदा तास."

"बस आमच्या खात्यात येत नाही." मग त्या यारेमांकडे वळून समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "यारेमा दानिलोविच, मी तुमच्या भल्याचंच सांगते. तुम्ही जरा बेताच्या उंचीची माणसं का घेत नाही?"

"बास्केटबॉल आहे, मेलानिया ओपानासिव्ना."

"असू दे की. पण अडचण मुळात उंचीचीच आहे, हे तुम्हाला मान्य आहे ना?"

उरल्या एकोणतीस. नियमानुसार निवाऱ्याला एक जबाबदार व्यक्ती लागते. ती आजारी पडली तर किल्ली सांभाळायला दुसरी लागते. दारात डोकी मोजायला तिसरी. हे सगळे होते की नाही ते पाहायला स्वतः मेलानिया ओपानासिव्ना, आणि सही दोघांची लागते म्हणून त्यांचे सहायक. अशा रीतीने प्रेक्षकांसाठी चोवीस जागा उरल्या आणि पहिला ठपका बसला.

यारेमांनी दोन नवख्या खेळाडूंना यादीतून काढले. झाल्या सव्वीस. पण ठपक्याची दखल घेऊन लीगने दोन निरीक्षक धाडले. लीगने धाडले म्हणून पालिकेच्या क्रीडा विभागाने त्यांच्यावर नजर ठेवायला आपला माणूस पाठवला. त्याच्या ड्रायव्हरला भोंगा वाजत असताना गाडीत बसवता येत नव्हते, म्हणून तोही आत. राहिल्या बावीस. दुसरा ठपका.

तिसऱ्या सामन्याच्या आदल्या दिवशी खात्याने प्रेक्षकांच्या मनःस्वास्थ्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ सक्तीचा केला. प्रेक्षक एकवीस. यारेमा रात्रभर आकडे खोडत बसले. सकाळी होर्दीला बोलावून ते त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "तुला वगळलं की दोन जागा सुटतात रे."

"आणि सामना?"

"सामना हरू. क्लब राहील."

होर्दी आणि आणखी दोघे गेले. संघ सात जणांचा उरला. प्रेक्षकांच्या जागा बरोबर पंचवीस भरल्या. त्यांवर यारेमांची बायको, मेहुणा, दंतवैद्य, वगळलेल्या खेळाडूंच्या आया आणि मावश्या यांना बसवले. तिसऱ्या सत्रात भोंगा वाजला. सारे शिस्तीत खाली गेले, दीड तास बसले, किल्ली सांभाळणाऱ्या बाईंनी थर्मासमधला चहा वाटला. वर येऊन लेलेका अठ्ठावन्न गुणांनी हरला. पंचाने चुकीची शिट्टी दिली तेव्हा सगळ्यांत आधी ओरडल्या त्या मेलानिया ओपानासिव्ना. सहायकाने त्याची नोंद घेतली नाही.

अठ्ठावन्न हा आकडा मात्र शहराला झोंबला. क्लबच्या समाजमाध्यमावरील पानावर अकरा हजार अनुयायी होते. 'लेलेका आमचं रक्त आहे', 'बाबूगिरी मुर्दाबाद', 'अधिकारी हटवा, प्रेक्षक बसवा'. विनंतीपत्रावर तीन दिवसांत नऊ हजार सह्या पडल्या. खाते नमले. अधिकाऱ्यांची सोय शेजारच्या बालवाडीच्या निवाऱ्यात झाली. होर्दीला दोन जागा कायम ठेवून बारा जणांचा संघ परत आला आणि जनतेसाठी एकोणतीस जागा मोकळ्या झाल्या. फुकट तिकिटे चाळीस मिनिटांत संपली. यारेमांचे डोळे भरून आले. त्यांनी बायकोला सांगितले, "आता तुम्ही घरीच राहा. लोकांना जागा द्यायला हवी."

सामन्याच्या दिवशी नऊ जण आले.

यारेमा दारातच उभे होते. त्यांनी पहिले सत्र संपेपर्यंत वाट पाहिली, दुसरेही. होर्दी त्या दिवशी असा खेळला की समोरचा संघ त्याच्याकडे बघतच राहिला. मेलानिया ओपानासिव्ना वही घेऊन यारेमांजवळ आल्या.

"मी तिकीट काढून बसले असते हो," त्या हळूच म्हणाल्या. "पण ड्यूटीवर असताना प्रेक्षक होता येत नाही. आणि तरी दहाच झाले असते."

"लिहा नऊ."

त्यांनी नऊ लिहिले. लेलेका एकतीस गुणांनी जिंकला आणि लीगमधून बाद झाला.

त्या संध्याकाळी पानावर चार हजार रडके चेहरे उमटले. जिन्यात शेजारी उस्तिमने यारेमांना गाठले. तो खरोखर हळहळत होता.

"मारला रे क्लब या अधिकाऱ्यांनी. सोडू नकोस त्यांना."

"तू तिकीट घेतलं होतंस ना, उस्तिम?"

"घेतलं होतं की. पहिल्या पाच मिनिटांत. पण म्हटलं एकोणतीसच जागा, झुंबड उडणार. आपण कशाला कुणा खऱ्या चाहत्याची जागा अडवायची? पण पुढे काही करणार असशील तर सांग. सही माझी पहिली."

यारेमा जिना चढून वर गेले.

आपणही इथवर वाचताना त्या टेपवाल्या बाईंना मनातल्या मनात चार शब्द सुनावले असतीलच. त्या मात्र चारही सामन्यांना आल्या होत्या आणि शेवटच्या शिट्टीपर्यंत बसल्या होत्या.